गोदामाचं दार

"एवढ्या उन्हाळ्यात कोट! उबून मरन ना हा मानूस." पडद्यावरच्या जासुसाकडे पाहत शेजारची देवकाबाई कुंताबाईच्या कानाशी पुटपुटली. दरसाल याच जागी ती हेच पुटपुटायची.

"त्या शहरात ऊनच नाई ना मावशी. ऊन रेशनवर भेटते. हिव वाजते त्याले," कुंताबाईनंही दरसालचंच उत्तर दिलं.

देवळीच्या बाजाराच्या मैदानात हिरालालच्या टुरिंग टॉकीजचा तंबू लागला, की हा पिक्चर लागायचाच. तो काढणारे रूपराव म्हणजे कुंताबाईचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मुंबईत त्यांनी असे तीन काढले. पुढच्या शतकातले, अंधारे, एक खून आणि एक जासूस असलेले. तिन्ही आठवडाभरसुद्धा टिकले नाहीत. दोन तर इकडे आलेच नाहीत. हा एक मात्र देवळीत नऊ वर्षं चालत होता.

कुंताबाई चौथी शिकलेली, पण हा पिक्चर तिला तोंडपाठ. त्यातलं भविष्यातलं शहर म्हणजे हिंगणघाटकडचा कापसाचा एक बंद जिनिंग कारखाना आणि बल्बच्या उजेडात तरंगणारी राख म्हणजे कापसाची तूस, हे तिनं पहिल्याच खेपेला ओळखलं होतं. माणसाचा अर्धाच चेहरा दाखवायचा, उरलेला आपल्याला भरायला लावायचा. हे बाकी कोणाला कसं सुचत नाही, याचं तिला नवल वाटे. मेथी निवडताना ती नवऱ्याला म्हणायची, "तुमच्या भावानं अंधार कसा वापरला पाहा, आपण मीठ वापरतो तसा."

"मले तर खारटच लागला," नत्थूजी म्हणायचे.

हिरालालच्या प्रिंटला शेवटच्या रिळाचा डबा नव्हताच. जासूस गोदामाच्या दाराशी येई, कडीवर हात ठेवी, की तंबूतले दिवे लागत. दाराआड चोरून साठवलेलं ऊन आहे की काहीच नाही, यावर बसस्टँडवर नऊ वर्षं भांडणं झाली होती.

यंदा रूपराव कायमचे घरी आले. सोबत पत्र्याच्या दोन पेट्या. एकीत तो शेवटचा डबा निघाला.

"आता पुरा दाखवजो, हिरालाल," रूपराव म्हणाले.

आणि त्या रात्री पुरा दाखवला. दार उघडलं. ऊन भसकन बाहेर आलं, पोलीस आले, नायिका नाचली, जासुसानं कोट काढून फेकला. दिवे लागले तेव्हा तंबूत कोणी शिटीसुद्धा मारली नाही.

"झकास," हिरालाल म्हणाला. देवकाबाईनं फेकलेल्या कोटाचा विषयही काढला नाही. नत्थूजींनी भावाला पान लावून दिलं. पुढचे आठ दिवस जो भेटे तो रूपरावांशी वांग्यांवरच्या किडीविषयी बोले आणि घाईनं निघून जाई. रूपरावांची भाकर अर्ध्यावर आली.

नवव्या सकाळी अंगणात ते म्हणाले, "भंगारवाला येऊन राह्यला आज. पेट्यांतलं सारं देऊन टाकतो, नत्थू. कांद्याचं बी ठेवाले कामी येतीन पेट्या."

नत्थूजी मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधत राहिले.

पेट्यांत ते दोन पिक्चर होते, कुंताबाईनं न पाहिलेले. पण भासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. वीस वर्षं, ते मुंबईहून घरी आले की, ती भिंतीला नाही तर मांजराला सांगून त्यांना जेवायला बोलावत आली होती. आताही तिनं मांजराकडे पाहिलं. मांजर उठलं आणि चुलीकडे निघून गेलं.

तिनं पदर सारखा केला आणि रूपरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तो शेवट वाईट आहे. त्यात एकाचाबी चेहरा अर्धा नाई. तो तुमचा नाईच. भंगारात द्याचा तर तेवढा एक डबा द्या. बाकीचे दोन पिक्चर मले पाह्याचे आहेत."