असिस्टंट कोचची वर्गणी

आमच्या शाळेतली असिस्टंट कोच सॉसेजवर जगते, हे कळायला मला ऑस्ट्रेलियात नऊ वर्षं लागली.

शाळा म्हणजे माझ्या मुलीची, ईशानीची. वॅटल रिज स्टेट कॉलेज. नावात कॉलेज असलं तरी पहिलीपासून बारावीपर्यंतची साधी सरकारी शाळा, स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या आमच्या घरापासून सात मिनिटांवर. तिथले मुख्य कोच मिस्टर डॉयल हे खेळाचे शिक्षक, त्यामुळे त्यांचा पगार सरकार देतं. मैदानावरचं गवतही सरकारच कापतं. पण मुलींच्या क्रिकेट टीमच्या असिस्टंट कोचचं नाव सरकारच्या कुठल्याही कागदावर नाही. तिचा पगार पालक संघ उभा करतो. कशातून? तर शाळेच्या कॅन्टीनच्या नफ्यातून आणि महिन्यातून दोनदा हार्डवेअरच्या दुकानाबाहेर लावलेल्या सॉसेजच्या स्टॉलमधून.

पालक संघाची सेक्रेटरी मी. जिने जन्मात अंडं फोडलं नाही, ती बाई शनिवारी पहाटे उठून शेगड्या पेटवायला जायची. सॉसेजला हात बाकीच्या बायका लावत, माझ्याकडे कांद्याचं खातं होतं. दहा किलो कांदा चिरताना आपण कुणाचा तरी पगार चिरतोय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मार्च २०२० आला आणि स्टॉल बंद झाले. कॅन्टीनही मिटलं, उघडलं तेव्हा अर्धमेलं उघडलं. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये आमच्या प्रिन्सिपल मिसेस हार्टली झूमवर फार गोड आवाजात म्हणाल्या की ऑक्टोबरपासूनच्या चौथ्या टर्मसाठी तीन हजार डॉलर लागतात आणि खात्यात काहीच नाही, तेव्हा अनफॉर्च्युनेटली असिस्टंट कोचची जागा बंद करावी लागेल. निर्णय सप्टेंबरच्या मध्यावर, टर्म संपताना. लगेच पुढचा विषय निघाला, हात धुवायच्या साबणाचा.

मला झोंबलं. त्या जागेवर मयूरा होती. शिकायला आलेली, शिकून इथेच राहिलेली, सत्तावीस वर्षांची मुलगी. ती ज्या जिममध्ये काम करायची ती बंद पडली होती. सकाळी कुठल्याशा गोदामात खोकी भरायची आणि दुपारी आमच्या मुलींना बॅट धरायला शिकवायची. आधी मॅचच्या वेळी मी कांद्यात असायचे आणि मार्चपासून पालकांना मैदानात यायची बंदी होती, त्यामुळे आमची ओळख फोनवरची आणि गाडीच्या काचेतून हात हलवण्याइतकी. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "नो वरीज, ताई. बंडाबर्गला शेतावर माणसं हवी आहेत. दरवर्षी तोडणीला येणारे बॅकपॅकर्स नाहीत ना यंदा. इथलं भाड्याचं युनिट सोडून तिकडे जाईन." आवाज हसरा होता, पण हसण्याला पाय नव्हते.

ईशानीला सांगितलं तर तिने हेडफोनसुद्धा काढला नाही. "इफ कोच गोज, आय ॲम डन," एवढंच म्हणाली. मी घाबरले. तेरा वर्षांची माझी मुलगी, पूर्वी समोरून बॉल आला की डोळे मिटायची, खेळातला आणि बाकीचाही. वर्षभरात ती डोळे उघडे ठेवायला शिकली होती, आणि ते आम्ही शिकवलं नव्हतं.

ईशानीचं आणि माझं हे बोलणं ऐकत बाबा कोपऱ्यात शेंगा सोलत होते. बाबा म्हणजे माझे सासरे, मुरलीधर. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचे सलग एकतीस वर्षं खजिनदार. इथे येऊन त्यांची सगळी नळजोडणी आणि सगळी वर्गणी थांबली होती. दिवसभर खिडकीशी बसून "आज किती विमानं गेली" हे मोजायचे. माझा नवरा चंद्रहास आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. माणूस नुसता वाळत चालला होता.

"तीन हजार ना?" बाबा म्हणाले. "मग त्यात रडायचं काय? वर्गणी काढा."

"बाबा, इथे असं दारोदार जात नाहीत."

"कुणी गेलं नाही म्हणून जात नाहीत."

मिसेस हार्टलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, लेटरबॉक्समध्ये पत्रक टाकायला हरकत नाही. मी तेवढंच बाबांना सांगितलं. बाबांना त्यातलं "हरकत नाही" एवढंच ऐकू आलं. इथल्या मराठी मंडळाची पावतीपुस्तकं त्यांनी मिळवली. गणपती यंदा झूमवर असल्यामुळे ती कोरीच पडली होती. मंडळाचं नाव रेघ मारून खोडलं, खाली शाळेचं नाव लिहिलं, वरचा गणपती मात्र तसाच ठेवला. "त्याला कशाला खोडायचं? तो कुठल्याही कामाला चालतो."

आणि बाबा निघाले. पांढरा सदरा, पॅन्ट, स्पोर्ट शूज आणि डोक्यावर ईशानीचं जांभळं सायकल हेल्मेट, कारण ऑगस्टमध्ये इथले मॅगपाय पक्षी अंड्यांवर असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. दार वाजवायचं, दीड मीटर मागे सरकायचं, नमस्कार करायचा आणि सुरू. "गुड मॉर्निंग. आय ॲम ग्रँडफादर. स्कूल हॅज नो मनी फॉर असिस्टंट कोच." मग हटकून पुढचा प्रश्न, "अँड व्हॉट इज युअर नेटिव्ह प्लेस?"

शेजारचा ग्लेन म्हणाला, "टूवूम्बा, मेट."

"व्हेरी गुड. गुड वॉटर देअर?"

ग्लेनकडे अंगणात पांढरीशुभ्र मोटरबोट आहे. त्याने पाच डॉलर दिले. बाबांनी पावती फाडली, गणपतीसकट.

इथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आमच्या कोपऱ्यावरच्या हिरवळीवर ईशानीचा ऑनलाइन शाळेचा व्हाइटबोर्ड उभा. वर ठळक इंग्रजी अक्षरांत "असिस्टंट कोच फंड" आणि खाली देणाऱ्यांची यादी, आकड्यांसकट. मिसेस न्गुयेन ४०. ट्रेसी आणि कुटुंब २५. ग्लेन (बोट असलेले) ५.

मला घेरीच यायची बाकी होती. आमच्या घरावरून तळ्याकडे रस्ता जातो आणि त्या दिवसांत चालण्याशिवाय कुणाला दुसरा उद्योगच नव्हता. अख्खं स्प्रिंगफील्ड तो बोर्ड वाचून पुढे जात होतं.

"बाबा! इथे कुणी किती दिले हे असं चव्हाट्यावर मांडत नाहीत! प्रायव्हसी असते!"

"एकतीस वर्षं बोर्ड लावला मी. लोकांचे पैसे घ्यायचे आणि लोकांपासूनच लपवायचे? मग चोर कोण झालं?"

"आणि ते 'बोट असलेले' कशाला लिहिलंत?"

"गल्लीत दोन ग्लेन आहेत."

अंधार पडायच्या आत बोटवाला ग्लेन दारात हजर. चेहरा लाल. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो पाकीट काढून म्हणाला, "मेट, ते पाच म्हणजे फक्त सुट्टे होते. बाकीचे नंतर देणारच होतो." त्याने शंभर ठेवले. बाबांनी बोर्डावरचा पाच पुसून एकशे पाच केला आणि त्याच्यासमोर दोन पावलं मागे जाऊन नीट दिसतो ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मिसेस हार्टलींचा फोन. प्रायव्हसी, पॉलिसी, पत्रक आणि माणूस यांतला फरक, सगळं मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी ठरलं की ज्याची हरकत असेल त्याचं नाव पुसायचं. बाबा पुन्हा घरोघर विचारून आले. एकानेही पुसायला सांगितलं नाही, उलट सहाजणांनी आकडा वाढवून घेतला. त्यानंतर चौथ्या दिवशी स्वतः मिसेस हार्टली मैत्रिणीबरोबर चालत आल्या, बोर्डापाशी थांबल्या. त्यांच्या व्हाइस प्रिन्सिपलच्या नावापुढे पन्नास होते. त्यांनी साठ दिले. पावतीवरच्या गणपतीकडे बघून "हाउ लव्हली" म्हणाल्या आणि पॉलिसीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी हरले आणि मनातल्या मनात फार खूश झाले. बाबांनी विमानं मोजणं सोडलं होतं. रोज नवी गल्ली, रोज संध्याकाळी जेवताना कुणाचं मूळ गाव कुठलं याचा अहवाल.

दुसऱ्या आठवड्यात ते स्टेशनजवळच्या युनिटांत, म्हणजे छोट्या भाड्याच्या फ्लॅटांत, गेले आणि जरा गप्पच परतले.

"एक पोरगी भेटली. आपल्याकडचीच वाटली, पण फाडफाड इंग्रजी. मी बोलत राहिलो, ती दाराला टेकून ऐकत राहिली. कुणी एवढं ऐकत नाही गं. मग आत गेली, पन्नासाची नोट आणली. नाव विचारलं तर नको म्हणाली. पावतीही नको. घरात खुर्चीसुद्धा दिसली नाही मला."

बोर्डावर त्यांनी देवनागरीत लिहिलं, "गुप्तदान ५०". तळ्याकडे जाणाऱ्या लोकांना वाटलं, ही कुणी जपानी बाई असावी.

टर्म संपायच्या आदल्या दिवशी हिशेब झाला. तीन हजार चाळीस. म्हणजे त्या गुप्तदानाशिवाय दहा डॉलर कमी पडले असते, असं बाबांनी मला दोनदा ऐकवलं. मिसेस हार्टलींनी मयूराची चौथी टर्म पक्की केली. ईशानीने हेडफोन काढून आजोबांना मिठी मारली, कोविडचे सगळे नियम मोडून.

आता एक कबुली देते. मयूरा मराठी आहे, इतकंच काय, ती मुलगी आहे, हेही मी बाबांना सांगितलं नव्हतं. मुद्दाम. मराठी मुलगी जवळपास राहते म्हटल्यावर त्यांनी तिला रविवारी जेवायला बोलावलं असतं आणि वरणभात वाढता वाढता लग्नाचं विचारलं असतं. घरात आम्ही तिला नुसतं "कोच" म्हणत होतो, आणि बाबांच्या डोक्यात कोच म्हणजे कुणीतरी उंच, गोरा, भुरभुरत्या केसांचा पोरगा होता. मला वाटलं, यात काय बिघडतंय?

ऑक्टोबरच्या पहिल्या मॅचला पालकांना मैदानाच्या कडेला उभं राहायची परवानगी मिळाली. बाबा सकाळी सातपासून तयार. पावतीपुस्तक खिशात, सवयीने. ईशानी सहाव्या नंबरवर आली. पहिलाच बॉल उसळून छातीवर आला आणि तिने डोळे सताड उघडे ठेवून तो खाली दाबला. रन एकही निघाला नाही. मी टाळ्या वाजवत वेड्यासारखी रडत होते.

तेवढ्यात सीमेपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ब्यूटी, ईशानी! शाब्बास!"

बाबा वळले आणि तसेच थांबले. टोपी घातलेली, हातात क्लिपबोर्ड घेतलेली मयूरा उभी होती.

"सुमेधा," बाबा हळूच म्हणाले, "ही ती."

"ती कोण?"

"गुप्तदान."

"बाबा, ही कोच आहे. असिस्टंट."

त्यांना उलगडायला वेळ लागला. मला त्याहून जास्त लागला, आणि उलगडलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिच्या पगारासाठी आम्ही दारोदार फिरलो, तिच्याच दारात जाऊन आम्ही वर्गणी घेऊन आलो होतो. आणि पन्नास डॉलर म्हणजे तिचं आठवड्याचं किराणा सामान.

मयूराने आम्हाला पाहिलं. पळता येईना म्हणून आली.

"तू मराठी!" बाबांना आधी त्याचाच राग आला. "माझ्याशी इंग्रजीत बोललीस?"

"मराठीत बोलले असते तर तुम्ही गाव विचारलं असतं, काका. मग काय करतेस ते. मग मला सांगावं लागलं असतं."

"अगं पण नाही म्हणायचं! दार लावायचं! स्वतःच्या पगाराला कुणी वर्गणी देतं का?"

मयूरा टोपीची कड चाचपत राहिली. "तुम्ही कोचबद्दल सांगत होतात ना. 'ही इज अ व्हेरी गुड मॅन' म्हणालात. म्हणालात, आमची नात बॉलला डोळे मिटायची, आता मिटत नाही, घरातही मान वर करून बोलते. दोन वर्षं शिकवतेय मी इथे. कुणी कधी सांगितलं नव्हतं हो मला." तिने नाक ओढलं. "तुम्हाला थांबवायचं नव्हतं. पूर्ण ऐकायचं होतं. पन्नासात स्वस्त पडलं."

वर्षभर मी तिला गाडीच्या काचेतून हात हलवला होता. काच खाली करायला एक बटण दाबावं लागतं.

मला वाटलं, बाबा आता नोट परत करतील. पण एकतीस वर्षांच्या खजिनदाराने घेतलेली वर्गणी परत केल्याचा इतिहास नाही. त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, ईशानीच्या किटबॅगेवर टेकवलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"तुझी पावती राहिली होती. नाव?"

"मयूरा."

"पूर्ण सांग."

"मयूरा विश्राम गांगुर्डे."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं. रक्कम आकड्यांत लिहिली, अक्षरांत लिहिली, खाली सही केली. मग मान वर करून विचारलं, "गाव?"

मयूराला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "नाशिक, काका. नाशिकजवळ, ओझर."

"पाणी कसं आहे तिकडे?" बाबांनी विचारलं, आणि गणपतीच्या शेजारी उरलेल्या जागेत जपून ओझर लिहिलं, कारण पावतीवर गावाचा रकाना नसतो.