अम्मनचा मुखवटा आणि गाडीची जाळी

गाडीच्या तोंडातून भसाभसा वाफ निघाली आणि रस्त्यावर जमलेल्या गर्दीने एकदम हात जोडले. बायकांनी कापूर पेटवला, कुणीतरी नारळ फोडला. "अम्मन देवी श्वास सोडतेय," अशी कुजबुज पुढून मागे गेली आणि मागच्यांनी चपला काढून ठेवल्या. तापलेल्या डांबरावर अनवाणी उभं राहून ही माणसं एका जुन्या अँबॅसडरपुढे डोळे मिटून उभी होती. आणि ही माणसं कोण, तर मद्रासजवळच्या आवडी गावातल्या लष्करी कारखान्यातली. आठवडाभर अवजड इंजिनं जोडणारी. एरवी कुठल्याही इंजिनातून वाफ आली असती तर त्यांनी आधी पाना मागितला असता.

मी त्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या सीटवर आठ वर्षांची कनका आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिला मद्रासच्या इस्पितळात पोचवायचं होतं आणि गाडी वाटेतल्या पाडी गावाच्या अलीकडे उभी होती. लागोपाठ तिसऱ्यांदा.

कनकाचे वडील कृष्णाजी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. कारखान्याच्या कचेरीत नोकरीला, तंजावरच्या मराठ्यांपैकी. मी साताऱ्याकडून बदली होऊन आलेली, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येमध्ये तमिळ पेरलेली. माझी त्यांना पुस्तकातली वाटे. तरीही हजारो तमिळ आवाजांत तेवढाच एक आपला आवाज, म्हणून मी आणि हेमावती, म्हणजे कृष्णाजींची बायको, लगेच जवळ आलो. कनका तर माझ्याच वर्गात. तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता, आणि तो हृदयावर उतरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन टोचून घ्यायलाच हवं, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. चुकवलंत तर हृदयाच्या झडपा खराब होतील, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग ती म्हैस आडवी आली. इस्पितळातून परतताना पूनमल्लीच्या रस्त्यावर कृष्णाजींची ही गाडी म्हशीला धडकली. म्हैस उठली, शेपटी उडवून निघून गेली, पण गाडीची पुढची जाळी चेपून तुटून पडली. दुसऱ्याच दिवशी पुदुपेट्टैला जायचं, तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून जाळी आणायची आणि बसवायची, असं कृष्णाजींनी ठरवलंही होतं. एवढंच झालं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण म्हैस म्हणजे यमाचं वाहन, हे कुणीतरी बोलून गेलं आणि कृष्णाजींच्या तोंडचं पाणी पळालं. घरात आजारी मुलगी, तिला घेऊन येताना यमाची म्हैस समोर. त्याच संध्याकाळी त्यांना वेप्पिलै स्वामींकडे नेण्यात आलं. वेप्पिलै म्हणजे कडुनिंबाचा पाला. हे स्वामी कडुनिंबाच्या डहाळीने माणसं झाडत, दुकानं झाडत, आणि अलीकडे वाहनंही झाडू लागले होते. मठ जवळच, आवडीच्या तळ्यापलीकडे. स्वामींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की यमाने गाडीच्या तोंडातून आत डोकावून पाहिलंय. हे तोंड उघडं ठेवाल तर तो मुलीसाठी परत येईल. तिथे आता अम्मनचं तोंड हवं.

जाळीच्या जागी मग पितळेचा एक भला मोठा मुखवटा आला. वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, मागे लाल रेशमी कापडाचं जाड अस्तर, आणि कडेने फट राहू नये म्हणून पाल्याच्या जुड्या ठासून भरलेल्या. यमाला शिरायला केसाएवढीही वाट ठेवायची नाही, असा स्वामींचा हुकूम होता. वर आणखी एक हुकूम: आता या गाडीच्या तोंडाला लोखंडाचं हत्यार लावायचं नाही. म्हणजे मेकॅनिकही बंद.

पहाटे मठात दर्शनाला जाताना गाडी शहाण्यासारखी जाई आणि येई. पण इंजेक्शनच्या दिवशी, ऊन चढल्यावर, मद्रासच्या रस्त्याला लागून पाडी जवळ आली की तिचं डोकं फिरे. वाफ, धूर, उकळत्या पाण्याचा आवाज. मग स्वामींचे शिष्य येत, अभिषेकासाठी मुखवटा काढून घेत, गाडीवर हळदीचं पाणी ओतत, आणि थोड्या वेळाने गाडी सुरू होऊन गुमान घरी परते. स्वामींचा निवाडा ठरलेला असे, की अम्मनला इस्पितळ नको, तिला मुलगी आपल्या पदराखाली हवी.

एका वेळचं इंजेक्शन असं बुडालं होतं. ते पुन्हा जायला निघाले तेव्हा दुसऱ्यांदा तेच. मी कृष्णाजींच्या घरी जाऊन चांगली भांडले. गाडी राहू द्या, लोकल आहे, मी स्वतः कनकाला घेऊन जाते, म्हटलं.

कृष्णाजी माझ्याकडे बघेनात. "वाट बंद केलीय तिनं, टीचर. रेल्वेनं गेलों तर तिला दिसत नाही काय?"

माणूस वाईट नव्हता. लेकीसाठी तो उपास करत होता. पण कनकाचे गुडघे पुन्हा सुजायला लागले होते आणि मला वर्गात शिकवताना घड्याळाकडे बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी मी इतकी मागे लागले की तिसऱ्यांदा निघायचं ठरलं. मीही गाडीत बसले. पण बातमी फुटली, आणि शेजारीपाजारी स्कूटरी काढून मागोमाग आले, अम्मनचा कोप बघायला. सगळ्यांच्या मागे आपल्या पांढऱ्या अँबॅसडरमधून खुद्द स्वामी.

तर आता वाफ निघत होती आणि कापूर जळत होता. स्वामींनी गाडीतून उतरून हात वर केले. यम पश्चिमेकडून येतो का दक्षिणेकडून, अम्मनने त्याला कसं दाताखाली धरलंय, आणि ही वाफ म्हणजे यमाच्या अंगाची कशी लाही होते आहे, असं बरंच काही ते सुरात सांगत होते. गर्दी दर वाक्याला माना डोलवत होती. हेमावतीने घाबरून स्वामींनी दिलेली लाल शाल कनकाच्या डोक्यापर्यंत ओढली. शालीखाली कनकाची धडपड दिसली. तिने ती खसकन खाली ओढली.

"नाक झाकूं नको मा," ती म्हणाली. "वारंच लागत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या काचेतून वाफाळणाऱ्या झाकणाकडे पाहिलं, आणि त्याच्या पुढचा तो ठासून भरलेला पाला आणि रेशमाचं अस्तर आठवलं. आणि मला स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही. वर्षानुवर्षं मुलांना उष्णता शिकवते मी. जाळी ही काही गाडीची शोभा नाही. धावत्या गाडीत तिथूनच वारा आत शिरतो आणि आतलं पाणी थंड करतो. ते पाणी इंजिनाला थंड ठेवतं. वारा अडवा, म्हणजे गाडी पहाटेच्या गारव्यात जवळच्या मठापर्यंत जाईल, पण भर उन्हात मद्रासपर्यंत जाणार नाही. यात देवीचा काही संबंध नाही.

हे ओरडून सांगितलं असतं तर त्या गर्दीने मलाच झाडून काढलं असतं. मी खाली उतरले आणि स्वामींपुढे हात जोडले. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "स्वामी, आमचं वाहन पापी असेल. अम्मनला तुमच्या वाहनावर बसवू या. तुमच्या गाडीतून मुलीला इस्पितळापर्यंत नेऊ. तिथेही अम्मनने अडवलं, तर मी पुन्हा इस्पितळाचं नाव काढणार नाही."

गर्दीला हे फारच आवडलं. खुद्द स्वामींच्या गाडीवर अम्मन! एका उत्साही शिष्याने लगेच ओल्या फडक्याने तो मुखवटा काढला आणि पाल्यासकट उचलून पांढऱ्या गाडीकडे धाव घेतली. स्वामींच्या गाडीची जाळी नवी कोरी, चकचकीत होती. शिष्य मुखवटा तिच्यावर टेकवून दोरी बांधू लागला. तेव्हा स्वामींचा सूर सुटला.

"अरे मूर्खा, जाळी झाकू नकोस!" ते ओरडले. "इंजिन जाईल!"

शिष्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. स्वामींनी काहीतरी सारवासारव सुरू केली, पण कुणी ऐकत नव्हतं. हेमावती गाडीतून उतरून आली. तिला चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने तमिळमध्येच विचारलं, अगदी हळू आवाजात.

"मग आमच्या गाडीची का झाकलीत?"

स्वामी मागे वळले. ते गाडीत बसले आणि त्यांची पांढरी अँबॅसडर, नाक मोकळं ठेवून, वाऱ्यासारखी आवडीच्या दिशेला गेली. मुखवटा रस्त्याच्या कडेला पडला होता. कृष्णाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडीच्या पुढचा उरलासुरला पाला उपसून काढला. गाडी निवल्यावर पाणी भरलं आणि तोंड तसंच उघडं टाकून आम्ही निघालो. पाडी गेली, अण्णा नगर गेलं. कृष्णाजी दर थोड्या वेळाने पुढच्या झाकणाकडे बघत होते. वाफ आली नाही.

इस्पितळात कनकाला इंजेक्शन मिळालं. पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पूर्वी नव्हता असा एक आवाज आता तिच्या हृदयात होता. कदाचित वाढणार नाही, म्हणाले. पण तो जाणारही नाही. कृष्णाजी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले आणि मोठ्याने रडले. मलाही रडू आलं, आणि त्या पितळी तोंडापेक्षा जास्त राग आम्हा सगळ्यांचाच आला.

पुढच्या रविवारी नवी जाळी बसवायला आमच्या क्वार्टर्समधला, कारखान्यातला फिटर सुब्बा आला. जुने मोडके तुकडे काढून त्याने जाळी नीट जागेवर धरली, स्क्रू पिळले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, टीचर. पण अम्मनपुढे कसं बोलणार?"

त्याला एकट्याला का बोल लावू? त्या रस्त्यावर अनवाणी उभ्या असलेल्या बहुतेकांना ते ठाऊक होतं. कारखान्यात त्यांनी कधी कुठल्या इंजिनाचा वारा अडवला नसता. ठाऊक असलेलं सगळं त्यांनी चपलांबरोबर बाजूला काढून ठेवलं आणि हात जोडले.

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कुणी देवाच्या नावाने तुमच्या घरातली एखादी वाट बंद करू लागला, तर ती त्याने आपल्या घरातही बंद केली आहे का, एवढं विचारा. मोठ्याने विचारा, आणि वेळेवर विचारा. आम्ही विचारलं, पण उशिरा विचारलं. तो उशीर कनकाच्या छातीत आहे आणि नळी लावली की अजून ऐकू येतो.