खणातली कॅसेट आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुने, प्रवाशांचे सामान तपासणारे यंत्र आहे आणि मित्रांनो, आज माझे डोके ठिकाणावर नाही. नवे होते तेव्हा लोक मला कौतुकाने न्याहाळायचे. आता माझा पट्टा करकरतो, तोंडावरची रबरी झालर फाटली आहे. त्याचे मला काही नाही. पण खोटा आळ मी सोसणार नाही.

गेल्या महिन्यात एक आजोबा लेकीबरोबर आले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेलेला. ते पाटीवर लिहून बोलतात. ऑपरेशनआधी त्यांनी आपल्या आंधळ्या बहिणीसाठी स्वतःच्या आवाजात दोन कॅसेटी भरून ठेवल्या होत्या; त्यातली एक त्या दिवशी बरोबर होती. तिला पाटी काय उपयोगाची?

"ही मशीनमध्ये नको," लेक म्हणाली.

आमचे मिशीवाले रक्षक भले गृहस्थ. त्यांनी कॅसेट टेबलाच्या खणात ठेवली. त्याच खणात त्यांचा लोहचुंबक असतो, जुन्या स्पीकरमधला, बशीएवढा. जप्त केलेली ब्लेडे त्याला चिकटवून ठेवायची त्यांची सवय. ते साहेबांना विचारून येईपर्यंत कॅसेट त्या चुंबकावर पडून होती. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग ती माझ्या पोटातून गेली, जेमतेम चार सेकंद.

त्या बहिणीच्या घरी वाजवली तर नुसती खरखर. लेक तक्रार घेऊन आली आणि माझ्यावर थाप मारून म्हणाली, "यानंच पुसली." रक्षकांनीही मान डोलावली. अरे, कॅमेऱ्याचा जुना रोल माझ्या क्ष-किरणांनी बिघडतो, कबूल. पण कॅसेटीला ते काहीही करत नाहीत. तिचा आवाज पुसतो चुंबक. वीस वर्षे इमानाने राबले आणि खापर माझ्याच माथी?

आज दोघे पुन्हा आले, उरलेली कॅसेट घेऊन.

"काळजी करू नका, ताई," रक्षक म्हणाले. "परवानगी काढलीय. ही मशीनमध्ये जाणारच नाही. तुम्ही झडती देऊन या, तोवर माझ्याकडे राहू दे."

लेक आतल्या खोलीत गेली. रक्षकांनी खण उघडला. चुंबकाला चिकटलेली ब्लेडे आजोबांना दिसली. त्यांनी घाईघाईने पाटीवर लिहिले, 'चुंबकाजवळ नको', आणि पाटी पुढे धरली. टेबलावर हातही आपटला.

"हो हो, आजोबा, जपून ठेवतो. बसा तुम्ही," असे म्हणत रक्षकांनी पाटीकडे न बघताच कॅसेट चुंबकावर ठेवली आणि खण लावून घेतला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. आजोबांनाही येत नाही. यंत्राला हवे तेवढे बोल लावा, पण समोर कुणी पाटी धरून उभे असेल, तर आधी ती वाचा.