स्टेरॉइड हे आडनाव

सोमवारी सकाळी साडेसहा वाजता कोडोलीच्या तालमीत क्रांती चौगुले मॅटवरून उठली आणि लगेच खाली बसली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा डोळे फिरले आणि ती आडवी झाली. तिला कोणी पाडलं नव्हतं. समोरची मुलगी अजून बुटांच्या नाड्या बांधत होती.

तालमीचे वस्ताद गणपतराव चौगुले, ज्यांना सारं गाव आण्णा म्हणतं, ते क्रांतीचे वडील. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"उपाशी आलतीस व्हय?"

"न्हाई. उठलं की डोळ्यापुढं अंधार येतोय."

"कवापास्नं?"

"झालं की दोन-तीन महिनं."

आण्णांनी मनातल्या मनात हिशेब लावला तेव्हा तो काही चांगला लागला नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीचं वजन उन्हाळ्यापासून उतरत होतं आणि ते स्वतः त्यावर खूश होते, कारण ती आपसूक खालच्या वजनगटात बसली होती. रंग काळवंडला होता. बायका म्हणायच्या, उन्हानं. पण क्रांती पहाटे घरातून निघायची ती पत्र्याखाली मॅटवर आणि संध्याकाळी परत पत्र्याखाली. ऊन तिला भेटणार कुठं?

आणि मीठ. चार म्हशींच्या गोठ्यात दावणीला मिठाची वीट टांगलेली असते, जनावरांनी चाटावी म्हणून. क्रांतीची आई तानाबाई एकदा धार काढायला गेली तर लेक त्या विटेचा कोपरा विळ्यानं फोडून तोंडात टाकत होती. "म्हशीचं मीठ खाल्लंस व्हय गं?" तानाबाईनं रात्री ते आण्णांना सांगितलं. आण्णा हसले होते. "खाऊ दे की. म्हशीगत ताकद यील."

गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, परत बघितला आणि कोल्हापूरला चिठ्ठी दिली.

कोल्हापुरात डॉ. ऋता देशिंगकर हार्मोनचे विकार बघतात. त्यांनी क्रांतीला आधी तळहात उघडायला सांगितला. हातावरच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या होत्या. मग हिरड्या बघितल्या, त्यांच्यावरही डाग. गुडघ्यावरची जुनी खरचटल्याची खूण तर डांबर लावल्यासारखी दिसत होती. आडवं करून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला आणि शेवटी विचारलं, "मीठ जास्त खावंसं वाटतं?"

क्रांतीनं आईकडं बघितलं. तानाबाईनं छताकडं.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी आण्णांना कागदावर दोन मूत्रपिंडं काढून दाखवली आणि प्रत्येकावर एक टोपी काढली. "या दोन ग्रंथी. अ‍ॅड्रिनल. यातून एक रस थेट रक्तात जातो. त्याच्यावर रक्तदाब टिकतो, साखर टिकते, अंगातलं मीठ टिकतं. ताप आला, मार लागला, कुस्ती लागली की शरीर तो जास्त मागतं. क्रांतीच्या या ग्रंथी जवळजवळ बंद पडल्यात."

"आनि काळं कशानं पडलीया?"

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी आणखी एक ग्रंथी असते. तिला वस्ताद समजा. ती खालच्या ग्रंथीला हुकूम देते, रस सोड. खालून रस आला की गप्प बसते. इथं खालून काही येतच नाही, म्हणून ती ओरडतच राहते. त्या हुकमानंच कातडी काळी पडते."

आण्णांना ते कळलं, पण एक गोष्ट पटली नाही. "वस्ताद वरडत न्हाई, डॉक्टर. वरडतोय त्यो वस्ताद न्हवं."

"पठ्ठ्या उठतच नसेल तर?"

आण्णांनी मग औषधाचं विचारलं.

औषध साधं होतं. जो रस अंगात तयार होत नाही तो गोळीनं द्यायचा, सकाळी आणि दुपारी. एक दिवसही चुकवायचा नाही. ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन, त्याचा डबा घरातच ठेवायचा. तानाबाईनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

पंधरवड्यात क्रांती ताटातली भाकरी संपवून दुसरी मागू लागली. मिठाच्या विटेकडं तिनं परत बघितलं नाही. रंग उतरायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण पोरगी पहिल्यासारखी भांडायला लागली, तेव्हा तानाबाईनं जोतिबाला नारळ फोडला.

बिघडलं ते राजवर्धन आला तेव्हा. हा आण्णांचा पुतण्या, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आणि फावल्या वेळात जिमला. टीव्हीवर ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट त्यानं उचललं, नाव वाचलं, मोबाइलमध्ये काहीतरी बघितलं.

"काका, हे स्टेरॉइड हाय की."

तो शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे.

आण्णांच्या तालमीत यशराज नावाचा पठ्ठ्या होता. तेविसाव्या वर्षी त्याच्या दंडाला दोन हातांची कव बसत नव्हती. चोविसाव्या वर्षी तो शेतात मोटार चालू करायला गेला आणि तिथंच पडला. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. नंतर त्याच्या ट्रंकेत सुया सापडल्या आणि बाटल्या, ज्यांच्यावरची अक्षरं कोणाला नीट वाचता आली नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णांनी रंगाऱ्याला बोलावून तालमीच्या दारावर लाल अक्षरांत लिहून घेतलं: सुईवाल्यानं उंबरा ओलांडू नये.

आता त्यांनी पाकीट हातात घेतलं.

"तुला म्हाईत हुतं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"न्हाई." क्रांतीचा चेहरा पडला होता. "आण्णा, डोपच्या चाचणीत सापडलं तर? बंदी घालत्यात."

"चाचणीचं सोड. पोटात जातंय त्याचं बघ." आण्णांनी पाकीट आणि इंजेक्शनचा डबा दोन्ही उचलून आपल्या कपाटात ठेवलं आणि चावी बंडीच्या खिशात टाकली. "बदाम, तूप, दूध. आता आंगात जीव आलाय. बगू आठ दिस."

"अवो, डॉक्टरीण म्हणालती, एक दिस चुकवू नका," तानाबाई म्हणाली.

"डॉक्टरीण लंगोट लावून आखाड्यात उतरालीया व्हय?"

"आनि तुमी दवाखाना काडलाय न्हवं!"

पण चावी खिशातच राहिली. क्रांतीनंही मागितली नाही. वडिलांनी सांगितलेल्या डावाला तिनं आजवर कधी का म्हणून विचारलं नव्हतं, आणि बंदीची भीती होतीच.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. आण्णांनी ते तानाबाईला बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. तिसऱ्या दिवशी अंग कोमट लागलं, पोटात दुखायला लागलं आणि उलट्या सुरू झाल्या. आण्णांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते बाहेर आलं. परत दिलं, परत बाहेर आलं. त्यांनी तिला उठवून बसवायला हात घातला. बासष्ट किलोला जिला पकडून ठेवायला मुलगे घाम गाळायचे, तिची मान त्यांच्या हातावर कलली.

"क्रांते. ए क्रांते. कोन गं मी?"

तिनं बघितलं, पण ओळखल्यासारखं बघितलं नाही.

तानाबाई दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. हात पुढं केला. "चावी द्या."

आण्णांनी बंडीत हात घातला. चावी काढताना ती धाग्यात अडकली, तर त्यांनी खिसाच फाडला.

गावातल्या डॉक्टरांनी डब्यातलं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि सलाइनची बाटली राजवर्धनच्या हातात उंच धरायला देऊन सगळ्यांना जीपमधून कोल्हापूरला पाठवलं. वाटेतलं केर्ली गाव मागं पडलं तेव्हा क्रांतीनं डोळे उघडले आणि बाटली धरून बसलेल्या चुलतभावाला म्हणाली, "हात वर धर की. जिमला जातोयस न्हवं?"

आण्णा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. गमछा तोंडावर धरून ते रस्त्याकडं बघत राहिले.

दवाखान्यात डॉ. ऋतांनी आधी क्रांतीला बघितलं, मग आण्णांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या चिडलेल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या.

"गोळी का थांबवली?"

"तुमी सांगितलं न्हाई, ते स्टेरॉइड हाय म्हणून."

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "शब्द ऐकून लोक घाबरतात, म्हणून टाळते. तुमच्या बाबतीत टाळायला नको होता."

"माज्या पोराचा त्याच्यापायी जीव गेला. म्हंजी, पोरगाच माजा, यशराज. पठ्ठ्या."

"त्यानं घेतलं ते वेगळं होतं. आण्णा, कोडोलीत पाटील किती?"

"पाटलांस्नी काय तोटा? आळीच्या आळी हायत्या."

"सगळे एकाच गुणाचे?"

"एकाचं एकाशी पटत न्हाई."

"तसं आहे हे. स्टेरॉइड हे आडनाव आहे. यशराजनं घेतलं ते दंड फुगवणारं, तेही शरीराला लागतं त्याच्या कितीतरी पट. क्रांतीला देतोय ते दंड फुगवत नाही. ते नुसतं जिवंत ठेवतं, आणि अंगात जेवढं असायला हवं तेवढंच देतोय. तुमच्या अंगात ते आत्ता या क्षणी आहे."

आण्णा ताठ झाले. "माज्या? मी जन्मात सुई घेतली न्हाई!"

"तुमचं शरीर स्वतः बनवतं. सगळ्यात जास्त पहाटे. चारला उठून तुम्ही जोर मारता ते कशाच्या जिवावर?"

"दुधाच्या."

डॉक्टरांना हसू आलं. आण्णांना आलं नाही, पण त्यांनी टेबलावरचा कागद स्वतःकडं ओढला. त्यावर आधीच्या वेळचीच दोन मूत्रपिंडं होती, टोप्या घातलेली. "ह्ये पुन्यांदा चालू हुणार न्हाई?"

"नाही."

"म्हंजी जन्मभर गोळी."

"जन्मभर. कुस्ती मात्र खेळता येईल. पण स्पर्धेच्या वेळी हे औषध बंदीच्या यादीत आहे. आजार सिद्ध केला तर खास परवानगी मिळते. अर्ज आधी करावा लागतो आणि सगळे रिपोर्ट जोडावे लागतात."

"आनि न्हाई मिळाली तर?"

"तर ती स्पर्धा सोडायची, गोळी नाही. हे मी तुमच्यासमोर तिला सांगणार आहे."

अर्ज गेला. क्रांती घरी आली, आठवडाभर आराम करून तालमीत परतली. पहिल्या दिवशी तिच्या हातात इंजेक्शनचा डबा होता. दारावरच्या लाल अक्षरांपाशी ती थांबली आणि मागून येणाऱ्या वडिलांकडं बघत राहिली.

"आण्णा, ह्यो कुठं ठेवू?"

"आत. दुसरं कुठं?"

"वर काय लिवलंय?"

"मला वाचता येतंय," आण्णा म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून डबा घेतला, उंबरा ओलांडला आणि मारुतीच्या कोनाड्यात, तेलाच्या दिव्यापासून हातभर लांब ठेवला. मग पोरांना गोळा करून डबा कशासाठी आहे ते सांगितलं. सुई मांडीत कशी द्यायची ते गावातल्या डॉक्टरांनी येऊन दाखवलं. आण्णांनी ते दोनदा करून बघितलं. दारावरची पाटी त्यांनी पुसली नाही. रंगाऱ्यानं खाली आणखी एक ओळ लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काय लिवायचं त्ये ठरू दे."

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी येत्या रविवारी कोल्हापुरात आहे. क्रांतीचं नाव बासष्ट किलो गटात दिलेलं आहे आणि काल सकाळी काट्यावर ती तेवढी भरली. रोज सरावाआधी आण्णा तिला एकच विचारतात, "गोळी?" आणि ती जीभ बाहेर काढून दाखवते. परवानगीचं उत्तर आज संध्याकाळपर्यंत आलेलं नाही.