गंधानंदांचं नाक

अझैब्यातल्या रामकृष्ण सामंतांच्या व्हिलाच्या आवारात त्या शुक्रवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. पंचांग काहीही म्हणो, मस्कतात आपले सण सुटीच्या शुक्रवारीच येतात. खंडेनवमीची वाहनपूजाही तशीच शुक्रवारी आली होती. झेंडूचे हार घातलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मुंबईहून व्हिजिट व्हिसावर आलेले गंधानंद महाराज भगवी कफनी सावरत प्रत्येक गाडी हुंगत फिरत होते. त्यांच्या पुढे त्यांचा शिष्य गाड्यांना लिंबू-मिरची बांधत चालला होता.

"पाप लपतं बाळांनो, पापाचा वास लपत नाही! हिमालयात बारा वर्षं मी फक्त श्वास घेतला!"

"बाकीचे आम्ही काय घेतो मग?" रेवा पुटपुटली. ती इंडियन स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची. शेजारच्या बाईने तिच्याकडे डोळे वटारले.

पहिल्या गाडीत महाराजांना भावकीचा मत्सर आला, दुसरीत सासूचा तळतळाट. सासू असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग महाराज क्लिफर्डच्या स्कूल व्हॅनमागे गेले आणि थरथरत नाक धरून ओरडले, "गांजा! या गाडीतून गांजा फिरतो!"

मंडळातल्या जयवंतीकाकू स्टोल सावरत पुढे झाल्या, वाकल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई, खरंच की!"

मग सगळेच वास घेऊ लागले. वास खरोखरच येत होता, उग्र आणि कुबट. रेवालाही आला.

वसईचा क्लिफर्ड रेवाच्या मुलीसकट याच गर्दीतल्या लोकांची मुलं रोज शाळेत ने-आण करायचा. "आमची पोरं बसतात, मग पूजा नको का?" असं म्हणून त्यांनीच व्हॅन इथे आणवली होती. आता तो पांढराफटक पडला होता. या देशात गांजाचं नाव निघालं की माणूस थेट तुरुंगात, आणि घरी बायको आग्नेस सात महिन्यांची गरोदर.

"टीचर, आईची शपत, मी कदी सिगरेट पन ओढली नाय," तो रेवाला म्हणाला.

"उघडा रे गाडी!" रामकृष्णांनी हुकूम सोडला. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि महाराज उतरले होते त्यांच्याच घरी. कालपर्यंत क्लिफर्डला भाऊ म्हणणाऱ्यांनी सीटा उचकटल्या. रामकृष्णांनी स्वतः त्याचा जेवणाचा डबा उघडून चपातीखाली बोट घातलं. कोणी आरशाला टांगलेली जपमाळ ओढून तोडली, तिचे मणी जमिनीवर सांडले. रेवाला किळस आली, आणि ती त्या वासाची नव्हती.

सापडलं काहीच नाही. महाराज गालात हसले. "माल विकला गेला, वास राहिला!"

म्हणजे सापडला तरी गुन्हेगार, नाही सापडला तरी गुन्हेगार. "शुद्धीचा होम करावा लागेल," शिष्याने हळूच जोडलं, "सगळ्यांच्याच गाड्यांचा. दोष पसरतो."

"होम नंतर. आधी पोलीस," म्हणत रामकृष्णांनी मोबाइल काढला.

"थांबा भाऊ, आधी आरती तरी होऊ द्या. फोन कुठे पळून जातोय?" रेवा म्हणाली. आरतीला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. टाळ्या सुरू झाल्या, सगळ्यांचे डोळे मिटले, आणि रेवा व्हॅनजवळ गेली. आत डोकं घालून तिने सीटा हुंगल्या. तिथे धूळ आणि पोरांच्या चिप्सचा वास होता, बाकी काही नाही. मागच्या बंपरशी वाकली, तर भपकारा आला. तिथे शिष्याने बांधलेली लिंबू-मिरची लोंबत होती. बाकीच्यांना त्याने ती टोपलीतून दिली होती. क्लिफर्डची मात्र त्याने झोळीतल्या प्लॅस्टिकच्या पुडीतून काढलेली तिने पाहिली होती.

तिने ती सोडवली आणि रामकृष्णांच्या लँड क्रूझरला बांधली.

आरती संपताच ती हात जोडून म्हणाली, "महाराज, माझ्यासारख्या नास्तिकांची तोंडं एकदाची बंद करा. डोळे बांधून पुन्हा ओळखा."

शिष्य चुळबुळला. पण भक्तांनाच चेव आला. "महाराजांना डोळे कशाला लागतात?" जयवंतीकाकूंनी स्वतःचा स्टोल काढून दिला. महाराजांना आपल्या नाकावर पूर्ण भरवसा होता, त्यांनी खुशाल पट्टी बांधून घेतली. रेवाने त्यांना तीनचारदा गरगर फिरवून सोडलं. नाक वर करून ते निघाले, एक गाडी सोडली, दुसरी सोडली आणि तिसरीच्या मागे त्यांनी धाडकन हात आपटला.

"हीच ती पापी गाडी! हिचा मालक गांजा विकतो!"

पट्टी काढली, तर हात होता रामकृष्णांच्या लँड क्रूझरवर.

"लावा की फोन, भाऊ," रेवा म्हणाली. "आता वास तुमच्या गाडीला येतोय."

रामकृष्ण स्वतःच्या गाडीमागे वाकले आणि वास घेऊन घाम पुसत उभे राहिले. रेवाने लिंबू-मिरची सोडवून त्यांच्या नाकाखाली धरली. मग तिने शिष्याची झोळी उलटी केली. पुडीपाठोपाठ एक छोटी बाटली पडली, मेणबत्त्यांत घालायचं हेम्पच्या वासाचं तेल.

"हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं, नशा न आणणारं झाड," ती म्हणाली. "वास मात्र गांजासारखाच, कुत्र्यालाही फरक कळत नाही. अमेरिकेत ते कायदेशीर झाल्यावर तिथल्या काही कोर्टांनी पोलिसांना सुनावलं, की नुसता वास आला म्हणून गाडी उचकटायची नाही, आणखी पुरावा आणा. पोलिसांनाही नुसता वास पुरत नाही, आणि तुम्हाला एका भोंदूचं नाक पुरलं? वास कशाचाही असतो, आणि कोणीही लावू शकतो. माणसाला तुरुंगात धाडण्याआधी तो कुठून येतो, एवढं तरी विचारायचं!"

महाराज 'कलियुग, कलियुग' करत आत सटकले. बॅग भरायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही.

क्लिफर्ड एकटाच सीटा परत बसवत होता. रेवा मणी वेचायला बसली. रामकृष्ण जवळ येऊन म्हणाले, "झालं गेलं विसर रे. रविवारी सकाळी पोरांना न्यायला वेळेवर ये."

क्लिफर्डने स्क्रू घट्ट केला आणि मगच वर पाहिलं.

"टीचरच्या पोरीला नेईन. तुमच्या पोराला तुमीच सोडा, साहेब. तुमी माज्या डब्यात बोट घातला होता."