पाठमोरं कार्यालय

सरकारी नोकराने कुठे राहावं हे सरकार कधी सांगत नाही. कुठे राहायला परवडणार नाही, एवढं मात्र नेमकं ठरवून देतं. पाणीपुरवठा कार्यालयातला एक कारकून याचा चालताबोलता पुरावा होता. अंगाने इतका सडपातळ की ऑफिसात सगळे त्याला टाचणी म्हणत.

त्याचं कार्यालय मोठ्या विचित्र जागी उभं होतं. शहराची हद्द इमारतीच्या बरोबर पोटातून जायची. पुढचं दार रुंद रस्त्यावर उघडायचं आणि तो रस्ता कागदोपत्री गावात मोडायचा. मागचं दार एका अरुंद गल्लीत उघडायचं आणि ती गल्ली शहरात होती. टाचणीची खुर्ची हद्दीच्या अलीकडे, टेबल पलीकडे. म्हणजे तो बसायचा गावात आणि लिहायचा शहरात. पगार मात्र बसण्याचा मिळायचा. घरभाडे भत्ता ठरायचा कार्यालयाच्या पत्त्यावरून, पत्ता ठरायचा मुख्य दारावरून, आणि मुख्य दार होतं गावाकडे.

भाडं तो भरायचा शहराचं. पुढच्या रस्त्यावर राहायची सोयच नव्हती. कार्यालयाच्या तोंडासमोर झेरॉक्सवाले, अर्ज लिहून देणारे, वकील, चहावाले यांची अशी दाटी की गावात असूनही तिथली भाडी शहराच्या वरताण. त्यामुळे टाचणी मागच्या गल्लीत, कचराकुंड्यांसमोर, दोन खोल्यांत राहत होता. तो, बायको आणि अण्णा.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर सुतारकाम केलेला, ताडमाड उंचीचा, तोलून बोलणारा माणूस. आत जागा नव्हती म्हणून ते दारालगतच्या बोळात झोपत. पाय दाराला लागत. कुणी आलं, गेलं की अण्णांनी पाय पोटाशी घ्यायचे, दार उघडायचं, लागायचं, मग पाय पुन्हा दारापर्यंत. लोकांच्या घरांना दारं बसवण्यात आयुष्य गेलं आणि म्हातारपणी स्वतः दाराच्या फटीत आले, हे टाचणीला पाहवत नसे. अण्णांना एक खोली मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती.

खोली राहिली बाजूला, एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई खाली आल्या. अण्णांनी पाय पोटाशी घेतले.

"अरे, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवावं म्हणते. नाहीतर दुसरीकडे बघ."

"मावशी, आमच्या भत्त्यात नाही हो बसत."

"मग अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"अंथरूण आहे मावशी," टाचणी म्हणाला, "पाय पसरायलाच जागा नाही."

मावशी हसल्या. भाडं वाढवायचं ते वाढवलंच.

दुसऱ्या दिवशी भत्त्याचा नियम वाचता वाचता टाचणी एकदम उठून साहेबांच्या खोलीत गेला. हेडक्लार्क बाई तिथेच होत्या.

"साहेब, आपण दार फिरवलं तर?"

"कुठलं दार?"

"मागचं दार पुढचं करायचं. गल्लीकडे मुख्य दार झालं की पत्ता शहराचा, आणि पत्ता शहराचा झाला की..."

"मागच्या दाराने पगारवाढ म्हणतात ती हीच का रे टाचण्या?" बाईंनी विचारलं. पण विचारता विचारता त्यांनी अर्जासाठी कोरा कागदही ओढला होता. त्यांचंही भाडं वाढलं होतं.

अर्ज गेला 'नागरिकांच्या सोयीसाठी'. सरकारात काहीही स्वतःच्या सोयीसाठी मागायचं नसतं. वरून उत्तर आलं की तपासणीस येऊन मुख्य दार मुख्य दिसतं का ते पाहतील. मागच्या दाराला तर नुसता पत्रा होता, तो मांजरसुद्धा ढकलून आत यायचं.

तेव्हा अण्णा उठले. भंगारातलं जुनं लाकूड निवडून त्यांनी असं दोन कवाडांचं दार घडवलं की गल्लीतली माणसं कारण नसताना पाणीपुरवठा कार्यालयात जाऊन यायला लागली. पुढच्या दाराला आतून फळ्या ठोकल्या, पाटी गल्लीत आली, कचराकुंड्या रुंद रस्त्यावर गेल्या. तपासणिसांनी दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आवाज येत नाही म्हणून खूश झाले आणि सही करून गेले. भत्ता शहराचा झाला. टाचणीला लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. वजन तरी काय होतं त्याचं!

पण कार्यालयाने तोंड फिरवलं की मागोमाग सगळी दुनिया फिरते, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. झेरॉक्सवाला गल्लीत आला. चहावाला आला. अर्ज लिहून देणारे थेट टाचणीच्या पायरीवर बसू लागले. एका संध्याकाळी मावशी पुन्हा खाली आल्या, अण्णांनी पुन्हा पाय पोटाशी घेतले.

"तुझ्या दोन्ही खोल्या वकिलांनी मागितल्यात रे. महिन्याभरात मोकळ्या कर."

"मावशी, दार आमच्या अण्णांनी केलंय. त्याच्यामुळेच तर गल्ली वाढली!"

"झकास झालंय दार. वकीलसुद्धा तेच म्हणाले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टाचणी दोन दिवस जेवला नाही, आणि आधीच टाचणी असलेल्या माणसाने उपास केला की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. बायको काही उपाशी बसणाऱ्यातली नव्हती. ती चपला घालून बाहेर पडली आणि तासाभरात परत आली.

"अहो, उठा. घर मिळालं. तीन खोल्या."

"कुठे? चंद्रावर?"

"रुंद रस्त्याला. दुकानं सगळी इकडे आली ना, तिकडे आता शुकशुकाट आहे. समोर कचराकुंड्या, समोर ठोकलेलं दार. मालक हात जोडून भाडेकरू शोधतायत. ज्या रस्त्याकडे सरकार पाठ करतं ना, तिथेच सरकारी माणसाला परवडतं."

तीन खोल्यांतली एक अण्णांची झाली. पहिल्याच दुपारी अण्णा खाटेवर आडवे झाले, पाय सरळ केले, आणि सवयीने दाराचा कानोसा घेत राहिले. दार लांब, दुसऱ्या खोलीत होतं. कुणीतरी आलं, बोललं, गेलंही. अण्णांचे पाय तसेच राहिले. टाचणीने ते पडद्याआडून पाहिलं आणि त्याला रडू आलं.

सुख फार टिकलं तर ते सरकारी नव्हेच. गल्लीत इतकी गर्दी झाली की साहेबांची गाडी आत शिरेना. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"जुनं दार पुन्हा उघडू या. तेच मुख्य करू. भत्ता मंजूर झालाय, आता कोण बघतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टाचणी मात्र मनात हिशोब मांडत होता. दार उघडणार, झेरॉक्सवाला परत जाणार, वकील परत जाणार, भाडी चढणार, आणि अण्णा पुन्हा कुठल्यातरी बोळात.

"साहेब, नको! आपल्या कार्यालयाला पाठच शोभून दिसते!"

हेडक्लार्क बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"चौकट मजबूत आहे का तेवढं विचारून घेऊ," साहेब म्हणाले. "तुझ्या वडिलांनाच बोलाव."

आता मात्र टाचणीचं अवसान गळालं. अण्णा जन्मात खोटं बोलले नव्हते, आणि लाकडाबद्दल तर शक्यच नव्हतं. एकदा स्वतःच्या सासऱ्याला त्यांनी 'तुमचं कपाट पडेल' असं भर लग्नात सांगितलं होतं.

अण्णा आले. चौकटीवर बोटाने ठोकलं, कान लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं. मग फळीच्या फटीतून रस्त्यापलीकडे, स्वतःच्या खिडकीकडे, जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय म्हणता अण्णा? उघडायचं?"

"साहेब," अण्णा सावकाश म्हणाले, "हे दार उघडलंत तर घर बसेल. मी खात्रीने सांगतो."

साहेबांनी आपल्या डोक्यावरच्या छताकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. फळ्यांवर आणखी चार खिळे ठोकायचा हुकूम त्यांनी जागच्या जागी दिला.

रस्ता ओलांडताना टाचणीने हळूच विचारलं, "अण्णा, चौकट खरंच गेलीय?"

"छे. तुझ्या नातवंडांना पुरेल."

"मग तुम्ही खोटं बोललात?"

"खोटं कशाला बोलू? घर बसेल म्हणालो. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही."

घरी आल्यावर अण्णा आपल्या खोलीत गेले, खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी पाय पसरले, पार शेवटापर्यंत.