चार नंबरचं दार

पहिलं व्हायोलिन

*समासात, पेन्सिलीनं: ओल्डहॅम. पाऊस. बाईपेक्षा छप्पर जोरात गातंय.*

अॅग्नेस मावशी ब्याण्णवाव्या वर्षी गेली. दफन आटोपून सगळे चॅपलच्या मागच्या खोलीत हॅमची सँडविचं खात होते, तेव्हा आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता विचारायला हरकत नाही."

"काय विचारायला?"

"तिनं मला बाहेर का काढलं ते."

आणि ती चहाची किटली घेऊन पाद्रीसाहेबांकडे गेली, जणू साखर किती एवढंच विचारलं होतं.

'तिनं' म्हणजे हेटी स्टॉटनं. माझ्या आजीनं. आई साडेचार वर्षांची असल्यापासून बर्न्लीजवळच्या कोल्नमध्ये हेटीच्या बहिणीकडे, अॅग्नेस मावशीकडे वाढली. मावशीनं तिला खाऊपिऊ घातलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. त्या घरात हेटीचं नाव काढायला बंदी नव्हती, पण नाव निघालं की मावशीच्या हातातली सुई थांबायची. म्हणून आईनं ते साठ वर्षं काढलं नाही.

दुसरं व्हायोलिन

*ब्लॅकबर्न. पहिल्या खेळाला एकवीस माणसं. त्यातला एक झोपलेला.*

आईच्या डोक्यात त्या दिवसाचं एकच चित्र होतं. लहानपणापासून तेच, ना वाढलं ना पुसलं.

एक लांब बोळ. भिंत अर्धी हिरवी, अर्धी पिवळट. आई बाहेर, दार बंद होतंय. बंद होताना हेटी काहीतरी बोलते, ते ऐकू येत नाही. मग आत बायका हसतात. खूप हसतात.

"हसल्या नसत्या तर," आई एकदा म्हणाली होती, "तर मी म्हटलं असतं, परिस्थिती असेल. एकटी बाई, गावोगाव फिरणार, पोर कुठं सांभाळणार. पण हसल्या."

मी कार्पेटच्या दुकानात काम करते. शोध घेणं माझा धंदा नाही. पण बुधवारी आमच्याकडे अर्धी सुट्टी असते, आणि बर्न्लीच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं रिळावर बघता येतात. सात बुधवार मी त्या यंत्राचं हँडल फिरवलं. व्हरायटीच्या खेळांच्या जाहिराती अशा असत: वर ठळक अक्षरांत नामांकित विनोदी नट, मग जादूगार, मग सायकलवाले, आणि पार तळाशी, छापखान्याच्या नावाला टेकून, मुंगीएवढ्या टायपात 'मिस लिनेट डेल, रानपाखरांची राणी.' ती आमची हेटी. ती शीळ घालायची. दोन गाणी आणि शेवटी एक बुलबुल.

मुंगीएवढ्या अक्षरावरून माणूस का रागावलं होतं ते कळत नाही. म्हणून मी पेपरात चार ओळी दिल्या: लिनेट डेलबरोबर कुणी काम केलं असेल तर कृपया कळवावं.

कॉर्नेट

*बर्न्ली, फेब्रु. ३६, शुक्रवार. चार नंबरात पोरीनं शीळ घातली. आज सगळ्यांनी सांभाळून.*

नेल्सनहून एका माणसानं पुडकं पाठवलं. त्याचे वडील बर्न्लीच्या थिएटरात कॉर्नेट वाजवायचे. पुडक्यात हेटीचं नोटेशन होतं, दर वाद्यासाठी वेगळं पान, मागून कापड चिकटवून मजबूत केलेलं. गावोगावचे वादक समासात मनाला येईल ते लिहीत. बाईला कळू नये अशा बारीक अक्षरात, आणि पुढच्या गावच्या वादकाला वाचता यावं इतपत मोठं.

सोबतच्या चिठ्ठीत होतं: 'ही पानं ती न्यायला आलीच नाही. बाबा म्हणत, नोटेशन मागे टाकून जाणारा कलाकार त्यांनी तेवढा एकच पाहिला.'

मला ते समजलं. सोमवारी सकाळी थिएटरात आलं की कलाकार आधी नोटेशन स्टेजच्या कडेला मांडत. ज्याचं आधी पडेल त्याची तालीम आधी; आणि दोघांचं गाणं एकच निघालं, तर ज्याचं आधी पडलं त्याचं गाणं. ती पानं म्हणजे त्यांचं दुकान. दुकान उघडं टाकून कुणी जातं?

पण कॉर्नेटच्या पानावरचं ते वाक्य मला कळेना. पोरीनं शीळ घातली. घालेना का. आई शीळ घालणारी, पोर दुसरं काय करणार? त्यात सांभाळायचं काय?

डबल बेस

हे पान पुडक्यात नव्हतं.

कोल्नला आल्यानंतरच्या पाच वर्षांबद्दल आईला एवढंच आठवतं: काही रविवारी टोपी घातलेली एक बाई यायची, आणि आई टेबलाखाली जाऊन बसायची. बाई वाकून टेबलाखाली संत्रं सरकवायची. आई ते घ्यायची नाही. एकेचाळीस साली हल शहरात हेटी न्यूमोनियानं गेली.

क्लॅरिनेट

*विगन. बाई गोड आहे. नवरा नसावा. विचारायचं धाडस कुणाला नाही.*

जाहिरातीला दुसरं उत्तर मोरकॅमहून आलं, थरथरत्या अक्षरात. टिली ऑरल, वय सत्त्याऐंशी, समुद्राकडे पाठ केलेल्या एका बैठ्या घरात. मी पानं घेऊन गेले.

तिनं मला उजेडात उभं केलं. "हेटीची नात. नाक तर तिचं नाही."

"आजोबांचं असेल, मिसेस ऑरल. ते सायकलच्या दुकानात होते."

"असं सांगितलं होय तिनं? बरं बरं. बस पोरी. आणि टिली म्हण, मिसेस ऑरल माझी सासू होती, तिला माझ्या घरात नको."

टिली कागद फाडायची. वर्तमानपत्राची घडी घालून, ऑर्केस्ट्राच्या तालावर फाडायची, आणि उघडलं की हातात हात धरलेल्या पोरींची माळ. बत्तीस वर्षं. "आता सकाळचा पेपर दुमडायलासुद्धा शेजारीण लागते," ती म्हणाली. "ती मेली आधी शब्दकोडं सोडवते, मग दुमडते."

मी कॉर्नेटचं पान काढून ते वाक्य वाचून दाखवलं. तिनं बिस्कीट चहात बुडवलं होतं. ते तसंच राहिलं, तुटून तळाशी गेलं.

"चार नंबर," ती म्हणाली. "तो आमचा रंगपट, नटायची खोली. मी, हेटी, आणि कुत्र्यांचा खेळ करणारी एक बेल्जियन."

"पोरीनं शीळ घातली म्हणजे काय?"

"म्हणजे शीळ घातली. तुला ठाऊक नाही? रंगपटात शीळ घालत नाहीत. अपशकुन. कुणाची तरी नोकरी जाते, नाहीतर वरून काहीतरी डोक्यात पडतं."

"पण आजी तर शिळेवरच पोट भरायची."

"स्टेजवर. रंगपटात कधी नाही. सराव करायला ती मागच्या अंगणात कोळशाच्या ढिगाशी जाऊन उभी राहायची. बर्फ पडत असला तरी. ओठ फुटायचे, मग हंसाची चरबी लावायची. वास असा, की बेल्जियनची कुत्री तिच्यामागे फिरायची."

"आणि रंगपटात कुणी घातलीच शीळ तर?"

"तर त्याला बाहेर काढायचं, दार लावून घ्यायचं. त्यानं बाहेर तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं, आत येऊ का म्हणून विचारायचं. आतल्यांनी जरा ताणून धरायचं, मग ये म्हणायचं. झालं, अपशकुन उतरला. एकदा दुसऱ्याच एका खेळातल्या कुत्र्याला आम्ही काढलं होतं."

"कुत्र्यानं शीळ घातली?"

"मालकानं घातली. पण तो सोळा स्टोन वजनाचा. त्याला कोण ढकलणार?"

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो बोळ होता, अर्धा हिरवा, अर्धा पिवळट.

"त्या शुक्रवारी काय झालं, टिली?"

ट्रॉम्बोन

*बर्न्ली, त्याच दिवशी. बाई आली नाही. झायलोफोनवाल्यानं सहा मिनिटं जास्त वाजवलं. देव त्याला माफ करो.*

टिलीनं सांगितलं ते असं.

पोर एरवी थिएटरात नसायचं, उतरायच्या जागी खोलीमालकिणीकडे असायचं. त्या आठवड्यात मालकिणीला ताप होता, म्हणून हेटी तिला रोज घेऊन यायची. पोर ट्रंकेवर बसून पाय हलवत राहायचं. पाच दिवसांत सगळ्यांना वाटलं, पोर आपल्यातलंच झालं. शुक्रवारी तिनं ओठांचा चंबू केला आणि आईचा बुलबुल वाजवला. बऱ्यापैकी वाजवला.

"हेटीनंच उचलून बाहेर ठेवलं. खोटंखोटं डोळे वटारून म्हणाली, तीन गिरक्या, मग टकटक. आणि दार लावून घेतलं. आम्ही हसलो. का नाही हसायचं? पोराची पहिली वेळ. कुणी पहिल्यांदा बाहेर गेलं की त्या दिवशी केक आणायची पद्धत होती. बेल्जियननं पैसेसुद्धा काढले."

"तिला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "काय करायचं ते तिला माहीतच नव्हतं."

"हो ना. आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही, तसं तिला शिकवायचं कुणाला सुचलं नाही." टिलीनं कप खाली ठेवला. "मी भुवया काढत होते. उजवी काढून झाली. डावीला पेन्सिल टेकवली आणि हेटी उठली. टकटक झालेली नसताना आतून दार उघडायचं नसतं. मी म्हटलंसुद्धा, हेटी, वाजवू दे तिला, उगाच आपल्यावर येईल. तिनं ऐकलं नाही. उघडलं."

"मग?"

"बोळ रिकामा."

हेटी तशीच पळाली, गुलाबी पिसांच्या पोशाखात, बर्फातून. दोन तास. पोर एका मासे-बटाट्याच्या दुकानात सापडलं, काउंटरवर बसून व्हिनेगर घातलेले मटार खाताना. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्नहून अॅग्नेस मावशी आली. ओरडली नाही. हेटीच्या बर्फानं सुजलेल्या पायांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि म्हणाली, ही तरी माझ्याकडे राहू दे.

"हेटी काय म्हणाली?"

"ने म्हणाली. घाबरली होती ती, पोरी. स्वतःलाच घाबरली होती. शनिवारी खेळाला आली नाही. नोटेशनसुद्धा न्यायला आली नाही."

ड्रम

*इथे बत्तीस मात्रा काही वाजवायचं नाही. बाई एकटी. कृपया खोकू नका.*

बसमध्ये मी ठरवत होते, किती सांगायचं.

माझी आई दुसऱ्याची बस चुकली तरी माफी मागते. तिला 'तू दार वाजवायला हवं होतंस' असं कळलं, तर उरलेलं आयुष्य ती त्या दारासमोर काढेल. न सांगावं, तर बायका हसतच राहतील. लँकेस्टरपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. क्लिथरोपर्यंत सगळं सांगायचं. कोल्नला उतरले तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

आई बटाटे सोलत होती. मी कोट न काढताच सांगितलं, सगळं, क्रमानं. ती सोलत राहिली. मटाराशी आले तेव्हा फक्त म्हणाली, "त्या दुकानातल्या बाईच्या हाताला लोकरीचे मोजे होते. बोटं कापलेले."

मग तिनं पुढचा बटाटा उचलला.

"म्हणजे मी वाजवायचं होतं," ती म्हणाली.

"तू साडेचार वर्षांची होतीस."

"पण वाजवायचं होतं."

"आई, तिनं तू वाजवायची वाट बघितली नाही. नियम मोडून उघडलं. टिली नको म्हणत असताना."

"किती वेळानं?"

"लगेच."

"लगेच म्हणजे किती?" तिनं बटाटा खाली ठेवला. "लोक म्हणतात लगेच. अॅग्नेस मावशीसुद्धा लगेच येते म्हणायची आणि तासानं यायची."

"टिलीची एक भुवई काढून होईपर्यंत."

आईनं आयुष्यात भुवई काढलेली नाही. मावशीच्या घरात पावडरचा डबासुद्धा नव्हता. तिनं हात पुसले, चष्मा काढला, खुर्ची खिडकीकडे ओढली.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"भुवई. तुझ्या पर्समध्ये असते ती पेन्सिल. मी घड्याळ बघते."

मी तिच्यासमोर वाकले. तिच्या कातडीला साबणाचा वास येत होता. उजव्या बाजूला मी सावकाश रेघ ओढायला लागले.

"एवढं जपून नको," आई म्हणाली. "ती रोज दोनदा काढायची. रोज काढणारी बाई भरभर काढते."

मी ती पुसली आणि पुन्हा काढली, भरभर, टिलीसारखी, बाहेर ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यासारखी. आईची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. ओठ आकडे मोजत होते. मी पेन्सिल उचलली.

"किती?" मी विचारलं.

"अठरा."

ती तशीच बसून राहिली. अठरा सेकंद काय असतात ते बघत असावी. अठरा सेकंदांत साडेचार वर्षांचं पोर किती लांब जातं, आणि आत ट्रंकेजवळ बसलेली बाई दाराकडे किती वेळा बघते.

"दुसरी काढू?" मी म्हटलं. "चेहरा विचित्र दिसतोय."

"नको," आई म्हणाली. "दुसरीपर्यंत थांबली नाही ना ती."

आणि चष्मा घालून, एका भुवईनं, तिनं उरलेले बटाटे सोलायला घेतले.